बेरिलच्या अंगणातली दोरी

हो, मीच ती. नेदरकोम्ब गावात सहलीला येणाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारी, कपडे वाळत घालायची दोरी. खुपते तर खुपू दे.

माझा जन्म काही चड्ड्या पेलायला झाला नव्हता. मी चर्चच्या मनोऱ्यातली घंटेची दोरी. तागाची, चांगली पिळदार. स्टॅन टकवेल दर रविवारी मला ओढायचा. मी झिजले, नवी आली, तेव्हा त्याने मला खांद्यावर टाकून घरी आणलं. त्याच्या बायकोने, बेरिलने, मला अंगणातल्या दोन खांबांना बांधलं आणि म्हणाली, "चला, आता तरी काहीतरी काम करेल." असा राग आला होता मला! पण जन्मात पहिल्यांदा अंगाला ऊन लागलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

पुढे स्टॅन वारला. बेरिल राहिली, मी राहिले. घरामागे टेकडी, हिवाळ्यात तिकडे उन्हाची तिरीपही येत नाही. म्हणून मी पुढे, रस्त्याच्या बाजूला. इतकी साधी गोष्ट. पण गावातली सगळी घरं एका बड्या जमीनदाराच्या इस्टेटीची, सगळे भाडेकरू, आणि इस्टेटीला हे गाव आता राहायला नको, दाखवायला हवंय. हिवाळ्यात दर शनिवारी शहरातून बसगाड्या येतात. दगडी घरं, छपरावरचं बर्फ, धुराडी, हातात सफरचंदाचं गरम सायडर, की झाली सहल! शनिवारी कपडे बाहेर घालायचे नाहीत, असं इस्टेटीचा कारभारी फॅरंट घरोघर बजावून गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बेरिलने "बघते" म्हणून दार लावून घेतलं.

गेल्या शनिवारी थंडी कडाक्याची, पण ऊन लख्ख. असं ऊन कोण सोडेल? बेरिलने फ्लॅनेलचे झगे, चादर, लांब लोकरी चड्ड्या, सगळं माझ्यावर घातलं. बघता बघता ते गोठून पापडासारखं कडक झालं.

बस आली. लाल टोपीवाली एक बाई फाटक उघडून सरळ आत शिरली आणि चिमटेच काढायला लागली!

"अहो, काय चाललंय हे?" बेरिल खिडकीतून ओरडली.

"दोनच मिनिटं हं, आजी. फोटोत येतंय ना. इथे खरंच कोणी राहतं का?"

"मग ती चड्डी काय भुताची आहे? ठेव आधी खाली!"

बेरिल अंगणात येताच बाई पळाली. तो आरडाओरडा ऐकून फॅरंट धापा टाकत आला. त्याच्या हातात चाकू होता.

"टकवेलबाई, मार्चमध्ये तुमचा भाडेकरार संपतोय. घर हवंय की दोरी, आत्ता सांगा."

याच घरात बेरिल नवी नवरी म्हणून आली होती. या वयात कुठे जाईल ती? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काप म्हटलं मेल्या, काप! गाठ मारून पुन्हा चढेन.

"दोन्ही हवंय," बेरिल म्हणाली. आणि तिने मला घट्ट धरलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घराचं दार उघडलं. डेन्झिल, अबोल विधुर. फॅरंटचं ऐकून दोन हिवाळे घरातच खुर्च्यांवर कपडे वाळवत होता, आणि त्या ओलीने खोकून खोकून अर्धा झाला होता. हातात ओल्या कपड्यांची टोपली घेऊन तो सगळ्या पाहुण्यांदेखत रस्ता ओलांडून आला.

"बेरिल, जागा आहे का गं?"

"अरे, तुझंही घर यांचंच आहे. कळतंय ना तुला?"

"कळतंय. सरक जरा."

आणि त्याने आपला पायजमा बेरिलच्या झग्याशेजारी खुशाल अडकवला. बसमधली माणसं बघत राहिली. फॅरंटने चाकू मिटला.

"मार्चमध्ये बघतो दोघांना."

"बघा ना," दातात चिमटा धरून बेरिल म्हणाली, "मार्चमध्ये वारा छान सुटतो."

आता दोन घरांचं ओझं माझ्यावर आहे. जराशी झुकलेय, नाही म्हणत नाही. मार्चमध्ये काय होईल ते मला ठाऊक नाही. भीती वाटते, तीही लपवत नाही. पण तोवर ऊन पडलं की मी भरलेली असणार, शनिवार असो की आणखी काही. तुम्हाला फोटो हवाय? काढा की. आमच्या चड्ड्यांसकट काढा.