माझ्या पोटातला समुद्र

मी एक जुनी पुरवणी आहे. परीक्षेत उत्तरपत्रिकेला जोडतात ती नव्हे हं मित्रांनो, लगेच तोंडं वाकडी करू नका. मी खेळाची पुरवणी. पटावरचा एखादा मोठा खेळ खेळून खेळून घरातल्यांना पाठ झाला, की त्यात भर घालायला दुकानदार एक छोटा डबा पुढे करतो. तो छोटा डबा म्हणजे मी. एकटीने माझा काही खेळ होत नाही. थोरल्या डब्याबरोबर मांडली तरच मला अर्थ.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्यात भराभर काहीतरी भरलं, झाकण लावलं, आणि लगेच यंत्राने माझ्याभोवती पारदर्शक कागद असा गच्च आवळला की मला हूं की चूं करता येईना. आत काय भरलं ते बघायचं राहूनच गेलं. आता तुम्हीच सांगा, आपल्या पोटात काय आहे हे आपल्यालाच माहीत नसावं, ही काय गंमत झाली? त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला, कुणीतरी उघडा आणि मला सांगा.

मला विकत घेतलं ते एका आईने. ती इस्पितळात परिचारिका होती. घरात नवरा, मुलगा आणि मुलगी अशी चार माणसं, आणि थोरला खेळही चौघांचाच. जहाजांतून बेटाबेटांवर दगड, लाकूड आणि तेल न्यायचं, दीपस्तंभ उभारायचे आणि ज्याच्या दिव्यांची रांग सर्वांत लांब तो जिंकला, असा तो खेळ. सुट्टीत मामा आणि मामी यायचे होते, म्हणजे होणार सहा जण. माझ्या झाकणावर मोठा सहाचा आकडा आहे आणि टेबलाभोवती बसलेली सहा माणसं आहेत. आईने ते पाहिलं आणि मला उचललं. पण मामाची बदली झाली, त्यांचं येणं रद्द झालं आणि मी कागदासकट कपाटावर जाऊन बसले.

"उघडूया ना!" धाकटी मुलगी हट्टाला पेटली. तिला सगळे चिमटी म्हणत, कारण ती बोलताबोलता चिमटे काढी.

"सहा जण जमले की उघडू," बाबा म्हणाले. "ज्याची त्याची एक ठरलेली क्षमता असते. उगाच उघडायचं आणि तुकडे हरवायचे!"

बाबांचं काम लिफ्ट दुरुस्त करण्याचं. पाटीवर लिहिलेला आकडा म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. माझ्या पोटात काय आहे हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे मलाही ते खरंच वाटलं. बसले मग सहाव्या माणसाची वाट बघत.

त्या वर्षांत माझे काय काय उपयोग झाले म्हणून सांगू! कधी माझ्यावर घड्याळ ठेवलं, कधी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली मला सरकवलं. माझा एक कोपरा तेव्हाच चेपला. थोरला डबा मात्र दर शनिवारी दुपारी खाली उतरायचा आणि संध्याकाळी चहाचा वास अंगावर घेऊन परत यायचा. आज कोण जिंकलं, असं विचारलं की म्हणायचा, "तुला नाही कळायचं ते." असा राग यायचा मला!

आणि मग आत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिचं चष्म्याचं छोटं दुकान होतं, काचा घासून ती स्वतः चष्मे तयार करी. दुकानाची इमारत पाडायला घेतली, तशी ती एक बॅग घेऊन "चार दिवस राहते" म्हणून आली. चार दिवसांचे कितीतरी महिने झाले, तरी ती बॅग तिने काही पुरती रिकामी केली नाही.

शनिवारी खेळ मांडला की आत्या जरा बाजूला, स्टुलावर बसे. चार रंग, चार जागा, तिने बसायचं कुठे? मग दगड, लाकूड आणि तेल वाटायचं काम तिच्याकडे आलं. "मला मेलीला काय कळतंय तुमचं," असं म्हणत ती वाटप करायची, पण तिचे डोळे पटावरून हलत नसत. चिमटीच्या दादाने चुकीच्या बेटावर जहाज नेलं की तिला हमखास खोकला यायचा.

तिची आणि माझी मैत्री कशी जुळली ते सांगते. दुपारी घर रिकामं असलं की आत्या मला खाली घ्यायची. चष्म्याच्या मऊ फडक्याने माझ्यावरची धूळ पुसायची आणि मला कानाशी धरून हळूच हलवायची.

"खुळखुळतंय गं काहीतरी," ती म्हणायची. "लाकडाचंच असणार. आणि हे सरकतंय ते जाड पुठ्ठ्याचं. काय असेल बाई?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला माझ्याइतकंच कुतूहल होतं. कागदाला एक नख लावलं असतं तर उघडले असते मी. पण आत्याने ते कधी लावलं नाही. मला पुन्हा जागच्या जागी ठेवून ती कणीक मळायला जायची.

एका शनिवारी सकाळी आत्याची बॅग दाराशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या गावात नोकरदार बायकांच्या वसतिगृहात तिने खोली बघितली होती.

"उद्या निघते," ती म्हणाली. "किती दिवस राहायचं माणसाने?"

"ताई, तुम्हाला कुणी काही बोललं का?" आईने विचारलं.

"छे गं. कुणी बोललं असतं तर भांडून तरी राहिले असते."

 आत्या गेली की मला कानाशी कोण धरणार?

दुपारी खेळ मांडला, पण कुणाचं मन लागेना. आत्या स्टुलावर बसून निमूटपणे दगड वाटत होती. शेवटी आईने आपल्या पांढऱ्या सोंगट्या तिच्यापुढे सरकवल्या. "ताई, आज माझ्या जागी तुम्ही खेळा."

"आणि तू काय करणार, स्टुलावर बसणार? नको. मला कुणाच्या जागेवर बसायचं नाही."

आवाज चढवला नव्हता तिने, पण आईने सोंगट्या मागे ओढून घेतल्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चिमटी टाचा उंचावून कपाटापाशी उभी होती. तिने मला ओढलं आणि थेट पटाच्या मधोमध आणून आदळलं.

"हिला उघडा."

"अगं, सहा जण लागतात. आपण पाचच," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्या लिफ्टमध्येपण सहाचीच पाटी असते ना? मग पाच जण आले तर त्यांना जिन्याने पाठवता का?"

 आधी आईला हसू फुटलं, मग दादाला. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "इतकी वर्षं! कमालीचा गाढव आहे मी." त्यांनी मला उचलून आत्याच्या मांडीवर ठेवलं. "ताई, तूच उघड."

आत्याने नख लावलं. कागद टर्रकन फाटला, झाकण निघालं, आणि मित्रांनो, मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं! एका पिशवीत हिरवी जहाजं आणि हिरवे दीपस्तंभ, दुसरीत जांभळे. आणि त्यांच्याखाली पुठ्ठ्याच्या लांबच लांब निळ्या पट्ट्या. त्या पटाच्या चारही बाजूंना जोडायच्या होत्या. अहो, माझ्या पोटात अख्खा समुद्र होता!

पण आता पट टेबलावर मावेना. एका बाजूचा समुद्र खाली लोंबायला लागला. दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि दाराशी उभी असलेली आत्याची बॅग ओढून आणली. ती टेबलाला लागून उभी केली, वर दोन जाड पुस्तकं ठेवली, बाबांनी आपली बुडबुड्याची पाणसळ लावून पातळी तपासली आणि म्हणाले, "एकदम बरोबर!" हिरवा रंग आत्याने घेतला. स्टूल स्वयंपाकघरात गेलं आणि तिच्यासाठी खुर्ची आली.

डाव असा रंगला की संपेचना. एवढ्या मोठ्या समुद्रात कुणाला काही उमजत नव्हतं. शेवटी आईची कामावर जायची वेळ झाली. डाव तसाच मांडलेला ठेवायचं ठरलं.

रविवारी सकाळी आत्या बॅगेसमोर उभी राहिली.

"आत्या, बॅग हलवलीस तर समुद्र सांडेल हं," चिमटी म्हणाली.

"अगं, पण माझे कपडे आहेत त्यात!"

"आईचे घाल."

आत्याने बॅगेकडे पाहिलं, पटावरच्या आपल्या हिरव्या जहाजांकडे पाहिलं आणि वसतिगृहात फोन करून दोन दिवस उशीर होईल म्हणून कळवलं. आईचा सैल झगा घालून ती घरभर फिरली. मंगळवारी डाव संपला. इतके महिने दुसऱ्यांच्या चुकांवर खोकणारी आत्या त्या डावात सर्वांत शेवटची आली. तिचे अवघे दोन दिवे पेटले होते.

दादाने समुद्राच्या पट्ट्या काढायला हात घातला. आता बॅग मोकळी होणार आणि आत्या निघणार!

"हात लावू नकोस!" आत्या कडाडली. "हरल्यावर कोण जातंय इथून? पुन्हा मांडा."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. समुद्राखाली ठेवायला बाबांनी एक फळीच करून घेतली. माझे चारही कोपरे आता चेपलेत, झाकणाला चिकटपट्टी लागली आहे आणि हिरव्यांतलं एक जहाज हरवलं आहे. त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटावर माझ्यासारखं कुणी कागदात गुंडाळलेलं बसलं असेल, तर त्याला खाली काढा. सगळे जमेपर्यंत थांबू नका. जे स्टुलावर बसलेत त्यांना आधी खुर्ची द्या.

जांभळी पिशवी मात्र अजून बंद आहे. परवा दादाने हळूच विचारलं, "पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर कुणी आलं तर चालेल का?" कोण असेल? आत्याने तेवढ्यात मला कानाशी धरून हलवून पाहिलं.