मेणकापड

बसमध्ये चढल्या चढल्या आईने माझ्या सीटवर मेणकापड अंथरलं. पिवळं, लिंबांच्या चित्रांचं, घरच्या जेवणाच्या टेबलावरचं. आधी झटकलं, मग कडा ताणून बसवल्या, आणि हे सगळं बसभर बायकांच्या देखत. मी एकोणचाळीस वर्षांची आहे.

"लोकांची गाडी आहे. आपण काळजी घेतलेली बरी," आई म्हणाली.

मी बसले. आई निवृत्त शिक्षिका. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण तिच्या लेखी जगात दोनच जागा असतात. एक फळ्याजवळची, ती तिची. उरलेले सगळे बाकावर.

माझी भानगड थोडक्यात सांगते, कारण मला तिचा कंटाळा आलाय. मला लघवीला आल्याचं कळत नाही. म्हणजे कळतं, पण फार उशिरा. इतरांना म्हणे आधी हलकी सूचना मिळते, मग जरा जोराची. मला काहीच मिळत नाही, आणि मग एकदम दार फुटतं. मी कामात बुडालेली असले तर तेवढंही नाही. नुसतं ओलं लागतं. भूक, तहान, ताप यांचंही तसंच. सदतिसाव्या वर्षी याश शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे आणि अशा पुष्कळांना शरीराची हाक ऐकू येत नाही. त्याआधीच्या डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. एकाने सगळे प्रश्न आईला विचारले, जणू मी तिने तपासायला आणलेली मांजर होते. दुसरा म्हणाला, लग्न करा, एखादं मूल होऊ द्या, आपोआप जाईल. त्याच्या भिंतीवर पदव्यांना जागा पुरत नव्हती.

मी पॅड लावते. हातातलं घड्याळ ठरलेल्या वेळी थरथरतं, मग मी उठते आणि जाते. पॅड करकरणारे चालत नाहीत, त्या आवाजाने डोक्यात खिळे ठोकल्यासारखं होतं. कापडी पाठीचे लागतात. झालं. एवढीच गोष्ट आहे. ज्याला चष्मा आहे तो चष्मा लावतो. पण आईने त्याचं घराण्याचं पाप करून ठेवलं होतं. माझ्या चादरी बाल्कनीत टॉवेलांच्या मागे वाळत घालायची, आणि 'ऑटिझम' हा शब्द आला की म्हणायची, "आमच्या वेळी नव्हतं हे असलं. आमच्या वेळी एक चापट पुरायची."

आणि ज्या बायकांपासून ते पाप लपवायचं, त्या कोण? इथल्या, रोमानियातल्या आमच्या बोतोशानी शहरातल्या चर्चच्या. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. त्या बसमधल्या निम्म्या कवळ्या माझ्या हातच्या. माझ्यावर हसायच्या त्याही माझ्याच दातांनी.

या बायकांची पुढारीण एफ्रोसिना मावशी. ती कोणाचीच मावशी नाही. आयुष्यभर पोस्टात खिडकीपलीकडे बसून तिने लोकांना रांगेत उभं केलं, आणि निवृत्त झाल्यावर खिडकी नाही म्हणून देवाला धरलं. दर शरद ऋतूत ती बस ठरवते आणि सगळ्यांना डोंगरातल्या एका मठात नेते. तिथे झरा आहे. झऱ्याच्या पाण्याने बायकांची दुखणी जातात, असं ती सांगते. तिची स्वतःची संधिवाताची बोटं ती वर्षानुवर्षं त्यात बुडवते आहे. बोटं अजून वाकडीच.

मी कधी जात नसे. त्या वर्षी आई म्हणाली, "एकदा चल. एकदाच. मग मी पुन्हा या विषयावर एक शब्द काढणार नाही." हा सौदा मला फायद्याचा वाटला. शिवाय तिचे गुडघे गेलेत, बसच्या पायऱ्या एकटीने चढवत नाहीत.

गाव मागे पडलं तशी एफ्रोसिना मावशीने ड्रायव्हरकडून माईक घेतला. ग्रिगोरे त्याचं नाव. समोरच्या काचेला इतक्या देवांच्या तसबिरी लटकवलेल्या की त्याला रस्ता कसा दिसत होता, ते देवच जाणोत. मावशीने माईकवर फुंकर मारली. मी कानांवर हात ठेवले.

"भगिनींनो, पहिली प्रार्थना आपण आपल्या स्मारांदासाठी करू या. बिचारीला, कसं सांगू, खालचं दुखणं आहे. लहान मुलांना असतं तसं. तिच्या आईने, आपल्या दोम्निकाबाईंनी, किती सोसलंय ते मला विचारा!"

आई पदराआड लपल्यासारखी आपल्या डोक्याच्या रुमालाआड गेली. पण तिच्या चेहऱ्यावर, मला चेहरे फारसे वाचता येत नाहीत तरी सांगते, समाधान होतं. किती सोसलंय ते माईकवरून जाहीर झालं होतं.

"तू सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"प्रार्थनेसाठी सांगावं लागतं. देवाला नेमकं कळायला नको?"

"देवाला माहीत नव्हतं?"

"हळू बोल."

मागच्या सीटवरून कोणीतरी माझा खांदा थोपटला. "शू आली की सांगायचं हं, बाळ."

मी वळून पाहिलं. त्या बाईची वरची कवळी मीच केली होती. "मला हात लावू नका," मी म्हटलं. तिने लगेच शेजारणीला सांगितलं, "बघ, कशी वागते. आजारच आहे तो."

मग उकडलेली अंडी निघाली, खारट चीज, लोणच्याच्या काकड्या, प्लास्टिकच्या बाटलीतली घरची दारू, जी या बायका थंडी बाधू नये म्हणून पितात आणि उकाड्यातही थंडीला घाबरतात. वर चहाचे थर्मास. एकेकीने किती चहा रिचवला ते मी पाहत होते. मला काय, माझी सोय होती.

पहिल्या थांब्याला मी उतरून पॅड बदलून आले. बाकीच्यांपैकी दोघी-तिघीच उतरल्या; उरलेल्या खिडकीतून मला पाहत बसल्या. डोंगर लागला तसा रस्ता अरुंद झाला, आणि एका वळणावर आम्ही अडकलो. पुढे ओंडके वाहणारा ट्रक आडवा होऊन बसला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पुढेमागे गाड्या. दार उघडलं तरी पाय ठेवायला जागा नाही. ग्रिगोरेने इंजिन बंद करून सिगारेट तोंडात धरली, पेटवली मात्र नाही.

तासभर गेला. मग आणखी तेवढाच. घड्याळ थरथरलं. मी पुढे जाऊन ग्रिगोरेला म्हटलं, "रुंद जागा आली की थांबवा. मला बदलायला हवं."

माझा आवाज एकाच मापाचा आहे. तो बसभर ऐकू गेला.

"धरून ठेव, पोरी!" एफ्रोसिना मावशी ओरडली, माईक हातात असताना. "आम्ही सगळ्यांनी धरलंय. यात्रा आहे ही. मनाचा निग्रह लागतो."

"माझं धरलं जात नाही. निग्रहाचा संबंध नाही," मी म्हटलं. "आणि तुमचंही फार वेळ धरलं जाईल असं दिसत नाही. तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचताय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मावशी खाली बसली.

मी जागेवर आले. आईने पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी पकडला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. मला वाटलं गुडघे. "पाय लांब कर," मी म्हटलं. तिचे ओठ हलत होते, प्रार्थना असेल.

अखेर ट्रक सरकला. बस हिसका देऊन निघाली, पहिल्याच खड्ड्यात आदळली, आणि आईच्या तोंडून 'अगाई' असं काहीतरी निघालं. मग तो वास आला. त्या वासाच्या बाबतीत मी चुकत नाही. आधी मी स्वतःला तपासलं, सवयीने. माझं सगळं जागच्या जागी होतं. मग शेजारी पाहिलं. आईचा करडा झगा मांडीखाली काळा पडला होता आणि ती समोर बघत होती, अगदी ताठ, वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखी.

बस एका खडीच्या मोकळ्या जागेवर थांबली. एफ्रोसिना मावशी मधल्या वाटेने आली आणि आमच्यापाशी थबकली. सीटच्या कडेवरून थेंब खाली पडत होते.

"झालं!" ती म्हणाली. माईकची तिला आता गरज नव्हती. "मेणकापड घालूनसुद्धा! दोम्निकाबाई, धन्य आहे तुमची. कुठल्या जन्माचं फेडताय हो?"

बायका माना उंच करून बघायला लागल्या. च् च् च्. "बिचारी आई." "या वयात तिला ही पुसापुशी." सगळ्यांची खात्री पटली होती. ओली जागा आईची, वाटेकडची होती. मी खिडकीकडे होते, आणि माझ्याखालची लिंबं ठणठणीत कोरडी होती. दोन डोळे असलेल्या कोणालाही ते दिसलं असतं. पण त्या बायका डोळ्यांनी बघत नाहीत, आधी ठरवतात.

मी आईकडे पाहिलं. तिला बोलायला पुरेसा वेळ दिला. तिने रुमालाची गाठ घट्ट केली आणि हळूच म्हणाली, "चालायचंच, एफ्रोसिना. मुलगी आहे माझी. टाकता थोडीच येते?"

चालायचंच! मला राग आला नाही. राग गरम असतो. मला जे वाटलं ते गार होतं आणि फार स्वच्छ. मी उठले, मेणकापड उचललं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं, दुकानदार कापड दाखवतो तसं.

"हे माझं," मी म्हटलं. "कोरडं आहे. हात लावून बघा."

कोणी हात लावला नाही. गणित मात्र केलं. एकेक नजर माझ्यावरून घसरून आईच्या झग्यावर गेली आणि तिथून झटक्याने खिडकीबाहेर. एफ्रोसिना मावशीचं तोंड उघडं राहिलं.

पुढच्या सीटवरून आग्लाया म्हातारी उठली. ऐंशीच्या पुढची, कमी बोलणारी. "मला उतरू द्या बाई," ती म्हणाली. "माझंसुद्धा ट्रक दिसला तेव्हाच थोडं झालंय. आता उरलेलं तरी झाडाखाली करते."

आणि मग सगळी बस उतरली. निग्रह वगैरे सगळं. म्हातारे कोल्हे पांगावेत तशा त्या सुरूच्या झाडांमागे पांगल्या.

मी आईला सर्वांत लांबच्या झाडामागे नेलं. पिशवीतून माझी जादा विजार काढली, पॅड काढला, कसा लावायचा ते दाखवलं. ती रडत होती.

"सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आहेत त्यांत."

"सकाळी तू मला माईकवर घातलंस."

"ते वेगळं."

"कसं?"

झग्याच्या आतून तिने काय काढलं तर भांडी पुसायचे दोन फडके, घडी घालून, दोऱ्याने टाचलेले. जुने, धुऊन धुऊन विरलेले. म्हणजे हे आजचं नव्हतं. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. माझ्या चादरी टॉवेलांमागे लपवणारी, मला चापटीचं औषध सांगणारी बाई फडके टाचून घालत होती.

"हे असलं कशाला वापरतेस?" मी म्हटलं. "कातडी सोलून निघेल. विचारायचंस मला."

"तुला?" आई म्हणाली, आणि ज्या सुरात म्हणाली तो मी जपून ठेवलाय.

मठात पोचायला दुपार कलली. भिक्षू कुंचल्याने रांगेतल्या बायकांच्या कपाळांना पवित्र तेल लावत होता. माझ्यापाशी आला, लावलं, पुढे गेला. काय होतंय विचारलं नाही, बाळ म्हणाला नाही. दिवसभरात भेटलेला तेवढा एक सभ्य माणूस.

झऱ्यापाशी मात्र माझ्याभोवती गर्दी झाली. आग्लायाने सरळ विचारलं, तिला मी सगळं सांगितलं आणि दोन पॅडही दिले. बाकीच्या एकेकट्या आल्या, पाठ वळवून, पाण्याशी बोलल्यासारख्या. कोणाची वहिनी होती, कोणाची विहीण. सगळ्या शहरातल्या वहिन्या आणि विहिणी गळत होत्या. या तेवढ्या कोरड्या. शेवटी एफ्रोसिना मावशी.

"माझी एक मैत्रीण आहे," ती कुजबुजली.

"मोठा आकार लागेल तुमच्या मैत्रिणीला," मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. "कंबर मोजून आणायला सांगा."

तिने मला कृतघ्न म्हटलं. कशाबद्दल कृतघ्न, ते नाही सांगितलं. पुढच्या वर्षीही ती बस ठरवेल, आणि बायका तिच्यामागे जातील, कारण त्यांना रांगेत उभं राहायला आवडतं.

आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तो मला फार बरा गेला. मग एका सकाळी कोट घालून दारात उभी राहिली. "ते कुठे मिळतात?"

आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. आईने घसा साफ केला आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मुलीसाठी हवेत. तिला त्रास आहे."

त्या मुलीने माझ्याकडे पाहून मान वाकडी केली, तिच्या आवाजात मध आला. "कुठला आकार लागतो हिला?"

"दोन पुडे द्या," मी म्हटलं. "कापडी पाठीचे. एक माझा, एक हिचा."

आई बाहेर निघून गेली. काचेतून मला दिसत होती, फुटपाथवर उभी, बसची वाट बघत असल्यासारखी, तिथे बस थांबत नसताना. मी दोन्ही पुडे घेतले आणि बाहेर येऊन तिचा तिच्या हातात दिला. तिने तो कोटाच्या आत घातला. कोट फुगला, बटण लागेना. तशीच, एका हाताने कोट धरून, माझ्या दोन पावलं पुढे ती घरापर्यंत चालली, आणि वाटेत भेटलेल्या शेजारणीला म्हणाली की मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते.

मी शेजारणीला नमस्कार केला आणि माझा पुडा या काखेतून त्या काखेत घेतला.