अकरा दिवसांच्या नाटकातलं गाणं

दर रविवारी सकाळी मुलगी कस्तुरी पोहायला उतरली की उल्का त्यांच्या कॉन्डो इमारतीच्या खालच्या हॉलबाहेर लॅपटॉप उघडून बसायची. सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधल्या बँकेतलं काम रविवारीही पाठ सोडत नसे. त्या दिवशी हॉलमधल्या जुन्या पियानोवर कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं. चौथ्या वेळी उल्का नकळत त्या ओळीची सरगम गुणगुणली.

पियानो थांबला. "आत्ता काय गायलीस?" आतून इंग्रजीत प्रश्न आला. आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा.

"सॉरी, अंकल. आमच्याकडे या सुरांचा एक राग आहे. बसंतमुखारी."

"आणि आमच्याकडे या सुरांत प्रार्थना म्हणतात," म्हातारबाबा म्हणाले. "आत ये."

जेकब रूबेन अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सिंगापुरातच जन्मलेले ज्यू, निवृत्त संगीतशिक्षक. त्यांचे वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात. आईची मावसबहीण लग्न होऊन न्यूयॉर्कला गेली आणि तिथे नाटकांच्या तालमींना पियानो वाजवू लागली. तिने स्वतः एकच गाणं रचलं. ज्या नाटकात ते होतं, ते अकरा दिवसांत बंद पडलं. गाणं तेवढं पत्रातून सिंगापूरला पोचलं.

"पुढच्या महिन्यात कम्युनिटी क्लबमध्ये माझा कार्यक्रम आहे," अंकल म्हणाले. "अमेरिकेच्या संगीत नाटकात आमच्या लोकांनी काय आणलं, ते सांगणार आहे. शेवटी हे गाणं, मघाशी वाजवत होतो ते. पण घशाचं ऑपरेशन झालं, गाण्याचा आवाज गेला. तू गाशील?"

उल्काने नको म्हणून हात जोडले. पुण्यात विमलताईंकडे ती नऊ वर्षं गाणं शिकली होती. मग एका बैठकीत भर मैफलीत सूर सुटला, नातेवाईक हसले, आणि तिने तंबोरा जो गवसणीत घातला तो घातलाच. त्याला वीस वर्षं झाली होती.

ओला टॉवेल गुंडाळून दारात उभी असलेली कस्तुरी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "जस्ट सिंग लाह, आई."

चार रविवार तालीम झाली. उल्काच्या गळ्यातून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघाली की ती ओशाळायची, कारण तिला वाटे, इंग्रजी गाण्यात हे कसं शोभेल? अंकल नुसते पुढचा सूर देत.

कार्यक्रमाला सत्तरेक माणसं होती. अंकलनी माइक ओठांना लावून सांगितलं, की छळाला कंटाळून रशिया-पोलंडहून न्यूयॉर्कला आलेल्या गरीब ज्यूंची मुलं नाटकांसाठी गाणी लिहू लागली. काहींचे बाप प्रार्थना गाणारे होते. नवा देश, नवी भाषा, आणि त्याच देशाची लाडकी गाणी या मुलांनी लिहिली.

मग उल्का उभी राहिली. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी शब्दच गेले. पुण्यातली ती बैठक डोळ्यांपुढे आली. पण सूर होता. तिने डोळे मिटले आणि त्याच सुरांत आलाप घेतला, छोटासा, खाली उतरत षड्जावर येणारा. पियानो तिच्या मागोमाग आला. समोर आलेल्या माणसाला वाट करून द्यावी, तसा. तिसरी ओळ तिला आठवली आणि गाणं पार पडलं.

टाळ्या थांबल्यावर अंकल म्हणाले, "मी तासभर जे सांगत होतो, ते हिने अर्ध्या मिनिटात दाखवलं. प्रार्थनेत वाढलेला गळा नाटकात गेला, तरी आपलं वळण सोडत नाही. त्या मुलांचंही असंच झालं. यात चूक काहीच नाही."

उल्काला हुंदका आवरेना. आपल्याकडेही कीर्तनातली वळणं नाटकाच्या पदांत आली, हे विमलताई शिकवायच्या. तेव्हा ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आज ते गळ्यातून कळलं.

लोक पांगल्यावर ती वाकून अंकलच्या पाया पडली. ते दचकून मागे सरले. "अगं, ऊठ! आमच्यात माणसापुढे असं वाकत नाहीत."

"आमच्यात गुरूपुढे वाकतात."

त्यांनी जरा विचार केला. मग आपले दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि हिब्रूत काहीतरी पुटपुटले. तिला एक शब्दही कळला नाही, पण त्यांचं म्हणून पुरं होईपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

घरी पोचताच तिने पुण्याला फोन लावला. "ताई, मी उल्का. ओळखलंत का?"

"आवाज ऐकल्यावर न ओळखायला काय झालं?" पलीकडून विमलताई म्हणाल्या. "बोल."

"आज गायले, ताई. तुम्ही दिलेलंच गायले. एवढंच सांगायचं होतं."