आधीच छापलेलं अभिनंदन

पीएच.डी.ची व्हायवा सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि सत्यशीला आधीच डॉक्टर झालेली होती. तसं शेवगावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर रंगीत छापून आलं होतं. हा पराक्रम तिच्या वडिलांचा, रामहरींचा. पोरीची तोंडी परीक्षा नगरला, आणि ती सगळ्यांना खुली असते म्हटल्यावर ते जीपभर माणसं घेऊन आले होते, शिवाय अंकांचा गठ्ठा. तिने हात जोडून अडवेपर्यंत त्यांनी पेढे वाटावेत तसे अंक वाटूनही टाकले.

जाहिरात रिवाजाला धरूनच होती. वर तिचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. कुणी रुसायला नको म्हणून रामहरींनी व्हायवाच्या सूचनापत्रावरची सगळी नावं त्या रांगेत घातली होती, फोटोंसकट. त्यामुळे नाशिकचे परीक्षक, ज्यांनी अजून तिला पास करायचं होतं, ते दूध डेअरीचे चेअरमन आणि केशरआत्या यांच्या मधोमध बसून तिला शुभेच्छा देत होते. सत्यशीलाने कपाळाला हात लावला. मेलं हसूही आवरेना.

परीक्षक आत आले ते अंक हातात घेऊनच. त्यांनी आपला फोटो नीट न्याहाळला आणि मग प्रबंध उघडला. तालुक्याची साप्ताहिकं कशावर जगतात, याचा तिने सहा वर्षं अभ्यास केला होता. ती जगतात अभिनंदनाच्या जाहिरातींवर, आणि त्यातली एकही स्वार्थाशिवाय दिलेली नसते, असं तिने ठासून लिहिलं होतं. कुणाला तिकीट हवं असतं, कुणाला कंत्राट.

"मग या जाहिरातीत कुणाचा स्वार्थ आहे?" त्यांनी अंक वर धरला.

आहे म्हणावं तर चारचौघांत वडिलांची शोभा, नाही म्हणावं तर प्रबंधच कोसळला. तेवढ्यात मागच्या बाकावरून रामहरी उठले.

"स्वार्थ हाय की, सर. सा वर्सं लोक इचारत्यात, तुमची पोरगी रद्दी गोळा करत का फिरती? त्यास्नी दावायचं हुतं मला. ह्यो स्वार्थच न्हाई का?"

सगळा हॉल हसला. सत्यशीलाही हसली, पण तिचे डोळे भरून आले.

"सर, हा स्वार्थ माझ्या यादीत नाही," ती म्हणाली. "सगळ्या तालुक्याला विचारलं, घरात विचारायचं राहिलं."

परीक्षकांनी तेवढा एक परिच्छेद वाढवायला सांगितला. मग सरकारी जाहिरातींच्या धोरणावर तासभर तिला पिळून काढलं आणि तिने एकही प्रश्न खाली पडू दिला नाही. शेवटी त्यांनी "डॉक्टर सत्यशीला" म्हटलं तेव्हा जीपमधून आलेल्या मंडळींनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. बातमी खरी ठरल्यामुळे रामहरींची मान ताठ झाली होती.

निघताना परीक्षकांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. अजून दोन अंक मिळतील का, म्हणाले. तीस वर्षं कॉलेजात घालवली, पण पहिल्या पानावर फोटो कधी आला नव्हता, आणि सासुरवाडीला एकदा दाखवायचं होतं.