बांबूच्या नळीत उरलेलं तूप

मी तेंगकावांगचं तूप बोलतोय. गाईम्हशीचं नव्हे, झाडाच्या बियांचं. कापुआस नदीच्या काठी, इबान लोकांच्या लांबघरात, जिथं सगळी वस्ती एकाच छपराखाली राहते, सुंपिंगच्या चुलीवरच्या फळीवर बांबूच्या नळीत मी राहतो.

माझी झाडं तिच्या नवऱ्यानं, गाविंगनं, लग्नाच्या वर्षी लावली होती. ती चार-पाच वर्षांतून एकदाच फळतात. मागच्या खेपेला पंखांची फळं गरगरत नदीत पडली, तेव्हा दोघा म्हाताऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून टोपल्या भरल्या. सुंपिंगनं बिया धुरावर वाळवल्या, कुटल्या, वाफवल्या आणि पिळून मला काढलं. थंड झाल्यावर मी घट्ट, पिवळसर झालो. नुसतं बोट लागलं तरी विरघळायचो.

कुणाच्या टाचा भेगाळल्या, बाळाचे ओठ फुटले की शेजारणी यायच्या.

"सुंपिंग, बोटभर दे गं!"

"बोटभर म्हणतेस आणि वाटीभर नेतेस!" असं म्हणत ती द्यायचीच.

मग पामतेलाच्या मळ्याची कंपनी आली. मुलगा लुंसा तिथं कामाला लागला. मळा नदीपर्यंत वाढवायचा ठरला, तेव्हा काठावरची आमची झाडं त्यानंच कापली.

"इंदाई, मी नाही कापली तर दुसरा कुणी कापेल," तो म्हणाला. आईला तो इंदाईच म्हणतो.

गाविंगला कुणी सांगितलंच नाही. तो तापानं अंथरुणाला खिळला होता, ओठांची सालपटं निघत होती. सुंपिंग मला रोज त्यांवर लावायची.

एका दुपारी त्यानं विचारलं, "यंदा फळली का गं झाडं?"

"फळली की. हे यंदाचंच तूप."

"काठावरच्या थोरल्या झाडाचं?"

"त्याचंच. आता गप पड."

"बरं झालं. लुंसाच्या पोरांनाही पुरतील ती झाडं."

लुंसा दाराशी जेवत होता. ताट तसंच टाकून तो बाहेर निघून गेला.

तीन दिवसांनी गाविंग गेला.

मळ्यात तणावरचं औषध फवारून हल्ली लुंसाचेही ओठ फुटलेत, रक्त येतं. सुंपिंग नळी पुढे करते.

"नको, इंदाई. संपेल."

मग ती बूच घट्ट बसवते. स्वतःलाही लावत नाही.

मी तळाशी दोन बोटं उरलोय. नवं तूप आता होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. आणि मी खवट होत चाललोय.

बाई, मला जपू नकोस. आजच त्याच्या ओठांना लाव, तो नको म्हणाला तरी. उद्या मी लावण्याजोगाही राहणार नाही.