वार्नागिरेची अकरा घरं

शेजारच्या आल्डोनाबाई एक्याण्णव वर्षांच्या. नॉटिंगहॅममधल्या आमच्या गल्लीत माझ्याहून कजाग अशी ती एकच बाई, म्हणून आमचं जमलं. युद्धात आईबापांचा हात धरून त्या लिथुआनियातून निघाल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. मी इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल दिली आणि आता घरी बसून स्वतःची झोप शोधते. चार वाजता चहाला बसलो की त्या जुना अल्बम काढायच्या.

त्यात कर्नावेच्या पाच टेकड्या होत्या. त्यांच्यावर एके काळी लाकडी गढ्या होत्या, आता नुसतं गवत. त्राकाइचा तळ्यातला लाल विटांचा किल्ला होता. खेड्यांच्या वाटांवर, वळणावर उभे असलेले छपराचे लाकडी खांब होते. आपल्याकडे शिवेवर म्हसोबा असतो तसे. शेवटच्या पानावर मात्र फोटो नव्हता. पेन्सिलीनं काढलेला रस्ता, त्याचं एक वळण, वळणावर खांब आणि भोवती अकरा चौकोन. त्यांचं गाव, वार्नागिरे.

"बघायला जाऊ नकोस," त्या म्हणायच्या. "अर्धं युद्धात जळलं, उरलेलं सरकारनं सपाट करून शेतात घातलं. तिथे आता बटाटे आहेत."

त्यांच्या वडिलांनी इथे आल्यावर तसाच एक खांब कोरून मागच्या अंगणात पुरला होता. छपराखाली गालावर हात ठेवून बसलेला येशू. मला तो नेहमी ओपीडीत नंबर न लागलेला पेशंट वाटायचा. दर दोन नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या मृतांच्या दिवशी, आल्डोनाबाई त्या खांबापाशी शिजवलेल्या गव्हाचा वाडगा ठेवायच्या.

या वर्षी ऑक्टोबरअखेर त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. वॉर्डात माझं मनगट धरून म्हणाल्या, "संध्याकाळी गहू ठेव, वर मध घाल. सकाळी वाडगा धू आणि खांबापाशी पालथा घाल. पालथा दिसला की जेवण संपलं हे त्यांना कळतं, मग ते जातात."

"याहून अवघड प्रोटोकॉल पाळलेत मी," मी म्हटलं.

इथे माझं एक खोटं सांगायला हवं. माझा नवरा श्रीकांत दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये कोविडनं गेला, मी ड्यूटीवर होते त्याच इमारतीत, दोन मजले खाली. मला आत सोडलं नाही. हॉस्पिटलात जाताना हट्टानं त्यानं घरची वाटी नेली होती, लग्नातली, त्याचं नाव घातलेली. परत आलेल्या पिशवीत चष्मा होता, फोन होता, वाटी नव्हती. दहाव्या दिवशी मी अंगणात पिंड ठेवला. खारी आल्या, मॅगपाय आले, कावळा दिवसभर कुंपणावर बसून राहिला. शिवला नाही. दर्भाचा कावळा करून शिववतात, पण दर्भ कुठून आणू? ब्रिस्टलच्या लेकीला, वरदाला, फोनवर सांगितलं की शिवला. चार वर्षं ते खोटं माझ्या घशात आहे. तो उपाशी गेला, एवढंच मला दिसत राहतं.

दोन तारखेच्या संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे गहू ठेवला. तीन तारखेच्या सकाळी वाडगा पुसून घेतल्यासारखा रिकामा होता. मी तो धुतला. पण धुतलेलं भांडं तसंच नेऊन ठेवायला हात धजेना. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं माझ्या अंगात मुरवलंय. गॅसवर शिरा होताच. वाडगाभर गरम शिरा घेऊन गेले आणि खांबापाशी सुलटा ठेवला. खरं सांगायचं तर सवय हे निम्मंच कारण होतं. ठेवताना मी श्रीकांतचं नाव घेतलं.

दुपारी वाडगा रिकामा. सावलीतल्या गवतावरच्या न सुकलेल्या दहिवरात फक्त माझ्या सपातांचे ठसे. मी पायरीवर बसून पोटभर रडले.

"आई, फॉक्स असेल गं," वरदा फोनवर म्हणाली. "नॉटिंगहॅममध्ये किती फॉक्स आहेत. तू ओके आहेस ना? मी वीकेंडला येऊ?"

"काही नको," मी म्हटलं.

चार तारखेला सकाळी मागचं दार उघडलं तर माझ्या अंगणातल्या फरशीवर भांडी. लाकडी वाडगे, मातीचे, एक टवके उडालेला इनॅमलचा. सगळे रिकामे, सुलटे. कोणी उधळून गेलं असावं असं आधी वाटलं. मग मोजले. अकरा. मग त्यांच्यामधून जाणारी मोकळी वाट दिसली, तिचं वळणही दिसलं. वळणावर, जिथे अल्बममधल्या नकाशात खांब होता, तिथे स्टीलची वाटी होती. मी तिला हात लावला नाही. नाव उभ्या उभ्याच वाचता आलं.

तडक हॉस्पिटल गाठलं. आल्डोनाबाई चिडल्या नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली.

"गरम होतं, तू दिलेलं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. "मी त्यांना वर्षातून एकदा जेवायला घालून परत पाठवते. तू त्यांना घर दाखवलंस. अंधार पडायच्या आत सगळी भांडी पालथी घाल. एक जरी सुलटं राहिलं तर कोणीच जायचं नाही."

"आणि राहिले तर?"

"माझ्या आजीच्या बहिणीनं ठेवून घेतले होते. तिचा मुलगा होता त्यांच्यात. वर्षभर ती रांधत राहिली. मग थकली. पुढच्या वर्षी खांबापाशी एक वाडगा जास्त होता."

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते, उजेड संपत आला होता. मी खाली वाकले आणि एकेक भांडं पालथं घालत गेले. लाकडी, मातीचं, इनॅमलचं. अकरा झाली. उरली वाटी.

ती उचलली तर कोमट होती. तळाशी घासभर शिरा ठेवलेला. श्रीकांतनं जन्मात कधी वाटी निपटली नाही. तळाशी घासभर ठेवायचाच. चौतीस वर्षं मी त्यावरून त्याला बोलले. मी तो घास तिथेच उभ्यानं खाल्ला.

मग वाटी पायरीवर ठेवली. सुलटी.

आत येऊन दार लोटलं. अंगणातून फरशीवर पालथं भांडं सुलटं झाल्याचा आवाज आला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. मी वळून पाहिलं नाही. मोठी कढई काढली आणि बारा जणांचा रवा भाजायला घेतला.