नबिलाची बोटं

मला राग लवकर येतो, आणि त्याचा मला माजही होता. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी अकरा वर्षं पत्राकाम शिकवतो. कोर्स एका ट्रस्टच्या अनुदानावर चालतो. ट्रस्टची अट सरळ आहे: तपासणीच्या दिवशी आठही मशीन चालू दिसल्या पाहिजेत, नाहीतर पैसे बंद. शिकवता कसं, हे कोणी विचारत नाही.

पत्रा कापायची मशीन महिनाभर दगा देत होती. पायाने एकदा दाबलं की कधीकधी पातं दोनदा खाली यायचं. मी तिला कुलूप घातलं होतं.

तपासणीच्या सकाळी संचालक निनाद आला. पुण्याचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

"दत्ताकाका, यल्ला, चला लवकर, कुलूप काढा. पाच मिनिटांचा तर शो आहे."

"अरे, पातं डबल पडतंय."

"तीन लाख दिरहमची ग्रँट आहे, काका. सत्तर लाख रुपये! ती गेली की कोर्स खलास. तुम्ही, मी, ही सगळी बॅच, सगळे घरी."

मी कुलूप काढलं. शिवाय त्या मशीनवर माझ्या विद्यार्थिनीला, नबिलाला उभं केलं, कारण बॅचच्या सव्वीस जणांत तिचाच हात सगळ्यांत सफाईदार.

"सर, ये ठीक हो गई?" तिने विचारलं.

"हो गई," मी म्हणालो.

ट्रस्टच्या मरियमबाई टॅबलेटवर खुणा करत तिच्यापर्यंत आल्या. नबिलाने पत्रा सरकवला. पातं पडलं, वर गेलं. पत्रा सारखा करायला तिने हात पुढे केला आणि पातं पुन्हा पडलं. दोन बोटं गेली. रक्त माझ्या शर्टापर्यंत उडालं.

आणि मी काय केलं? निनादची गचांडी धरली. एक ठोसा तोंडावर, दुसरा नाकावर. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला. तो कोसळला तसा मी त्याच्या बरगड्यांत लाथा घालत सुटलो. "सांगितलं होतं ना तुला! सांगितलं होतं ना!" खरं सांगतो, त्या घटकेला मला बरं वाटत होतं. एक चोर दुसऱ्या चोराला बडवत होता, दुसरं काय!

मरियमबाई जमिनीवर बसून नबिलाचा हात स्वतःच्या शेल्यात आवळत होत्या.

"सर!" नबिला ओरडली. "उनको छोड़िए! मेरी उँगलियाँ ढूँढिए!"

मी थांबलो. एक बोट मशीनमागच्या तुकड्यांत सापडलं. दुसरं माझ्या बुटाखाली होतं. इतका वेळ मी त्याच्यावरच नाचत होतो.

हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर आले. निनाद माझ्या शेजारी तोंडाला कापूस लावून बसला होता.

"एक जुड़ जाएगी," डॉक्टर म्हणाले. "दूसरी कुचली हुई है. ब्लेड से ऐसा नहीं होता. कैसे हुआ?"

निनादने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फुटलेल्या ओठांनी त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

"मशीन में फँस गई थी, डॉक्टर."

मी गप्प बसलो. तेव्हाही, आणि नबिला शुद्धीवर आल्यावरही.